वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर दुखण्यावर कोणती गोळी घ्यावी?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी, आता आपल्या नात्यागोत्यातही होऊ लागली आहे. ऑपरेशननंतर काय खायचं, काय टाळायचं यावर घरात भरपूर चर्चा होते. पण सहा महिन्यांनी, वर्षभराने डोकं किंवा गुडघा दुखला तर कोणती गोळी घ्यायची, हे मात्र कुणी विचारत नाही. मेडिकलमधून ‘दुखण्याची गोळी’ मागवली जाते आणि घेतली जाते. धोका इथेच आहे.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात

आपण ज्यांना सरसकट पेनकिलर म्हणतो, त्यात दोन मोठे गट आहेत. एक पॅरासिटामॉल. दुसरा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन यांचा. डॉक्टर या दुसऱ्या गटाला एनएसएआयडी म्हणतात. सूज कमी करण्यात ही औषधं चांगली, पण जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून वाचवणारी शरीराची यंत्रणा ती कमकुवत करतात.

बायपास ऑपरेशनमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. आतड्याच्या त्या भागाला आम्लाची सवय नसते. अशात एनएसएआयडी गोळ्या घेतल्या, तर या जोडावर अल्सर होण्याचा धोका वाढतो. अल्सरमधून रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित आतडं फुटूही शकतं. म्हणून बायपास झालेल्यांना या गोळ्या कायमच्या टाळायला सांगतात. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये असा जोड नसतो, त्यामुळे धोका त्या मानाने कमी. तरीही आपल्या मनाने घेऊ नये, सर्जनला विचारावं.

‘गोळी नको, इंजेक्शन घेतो’ ही पळवाटही चालत नाही. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन रक्तातून तोच परिणाम करतं.

मग घ्यायचं काय?

पहिली पसंती पॅरासिटामॉल. निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, त्यापुढे अजिबात नाही. दोन डोसमध्ये किमान ४ ते ६ तासांचं अंतर हवं. यकृताचा त्रास असेल किंवा वजन फार उतरलं असेल तर डॉक्टर याहून कमी डोस देतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशोबात धरावं.

सुरुवातीच्या आठवड्यांत औषध पातळ स्वरूपात किंवा गोळीची पूड करून घ्यायला सांगतात. पण नावापुढे एसआर, ईआर किंवा सीआर लिहिलेली गोळी कुटायची नाही. ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. दुखणं जास्त असेल तर डॉक्टर ट्रॅमाडॉलसारखं औषध थोड्या दिवसांसाठी देतात. ते चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे. घरातल्या घरात थोडं थोडं चालल्याने आराम पडतो. खोकताना पोटावर उशी दाबून धरावी. गुडघ्यासाठी शेक आणि फिजिओथेरपीचे व्यायाम आहेतच.

पाकिटाच्या मागे वाचा

नाव ओळखीचं असतं, पण आत काय आहे ते छोट्या अक्षरांत आणि तेही इंग्रजीत. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन आहे. झेरोडॉल-पी मध्ये ॲसिक्लोफेनॅक आहे. पाळीच्या दुखण्यावर मुली घेतात त्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड. ‘पॅरासिटामॉलच आहे ना’ म्हणून अशी जोडगोळी पोटात जाते. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना धडा वाचायला लावतो, तसं घरातल्या शिकत्या मुलाला पाकीट वाचायला लावा. अम्मी-अब्बांना याहून मोठी मदत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर हा लेख वाचून ती बंद करू नका. सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर, दोघांना विचारा. बिडी-सिगारेट मात्र आजच सोडा. धूम्रपानानेही याच जोडावर अल्सर होतो.

कधी थांबायचं नाही?

डांबरासारखं काळं शौचास होणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक पोटात असह्य कळ, ताप आणि धडधड, छातीत दुखणं, एका पोटरीला सूज, यातलं काहीही दिसलं तर गोळी शोधत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

दात काढायला जा, हाडांच्या डॉक्टरकडे जा की मोहल्ल्यातल्या दवाखान्यात, पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘माझं वजनाचं ऑपरेशन झालंय.’ ऑपरेशनचं नाव आणि टाळायच्या औषधांची यादी एका कागदावर सर्जनकडून लिहून घ्या आणि तो कागद पाकिटात ठेवा. घाईच्या वेळी आपल्याला बोलता आलं नाही, तरी कागद बोलेल.