अंगण हीच पहिली शाळा

मूल शाळेत जाऊ लागले म्हणजे त्याच्या शिक्षणास आरंभ झाला, अशी पुष्कळ आईबापांची समजूत असते. वस्तुतः शाळेची घंटा कानी पडण्यापूर्वीच ते घरात बरेच काही शिकलेले असते. आईची भाषा, आजीची अंगाई, जेवणापूर्वीची प्रार्थना, सायंकाळची जपमाळ, यांतूनच ते बोलावयास, धीर धरावयास व दुसऱ्यास मान देण्यास शिकते.

कॅथॉलिक विदुषी डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणादिवशी, रोममधील एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. लहान मूल उपदेशाने नव्हे, तर स्वतःच्या हातांनी करून शिकते, हे त्यांनी तेथे दाखविले. ही पद्धती आपल्या देशातही आली. परंतु तिची साधने खेड्यांस परवडणारी नव्हती.

ही अडचण ताराबाई मोडक यांनी ओळखली. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (हल्लीच्या पालघरमधील) बोर्डी गावी त्यांनी अनुताई वाघ यांच्या साह्याने बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि शिंपले, खडे, बिया, पाने यांचीच साधने केली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येत ना. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, तर कोणावर गुरे राखण्याचे काम. तेव्हा आईबापांस दोष न देता या दोघींनी शाळाच पाड्यावरील अंगणात व गुरांच्या कुरणात नेली. ‘अंगणवाडी’ हे आज देशभर रूढ झालेले नाव याच कार्याची आठवण देते.

यातून आम्हांस एक बोध घ्यावासा वाटतो. मूल घरच्या रीतीभातींच्या आधारानेच वाढते. म्हणून घरी मराठी असो, कोकणी असो वा कन्नड, त्या भाषेची लाज बाळगू नये. आणि तीन वर्षांच्या बालकास परक्या भाषेतील धडे घोकावयास लावू नयेत.

मात्र प्रत्येक रूढी चांगलीच असते असे नाही. बागुलबुवाची भीती घालणे, मुलास दूध व मुलीस उरलेसुरले देणे, असल्या चालींना ख्रिस्ती घरात थारा नसावा.

आईबापांनो, तांदूळ निवडताना, फुले वेचताना मुलास जवळ बसवा, त्याच्या प्रश्नांस उत्तरे द्या, जपमाळेचे मणी त्याच्या चिमुकल्या हाती द्या. प्रभू येशूही पवित्र मरिया व संत योसेफ यांच्या घरी, त्यांच्याच भाषेत बोलावयास शिकला, हे आपण विसरू नये.