सदोष लीड बदलणे : एका वैद्यकीय निर्णयाची परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

शास्त्रीय परिभाषेचा विचार करताना आपण बहुधा शब्दाची व्युत्पत्ती, त्याची सुबोधता आणि त्याचे व्याकरणिक रूप एवढ्याच गोष्टी पाहतो. शब्दाच्या आधारे कोणाला काही निर्णय करावयाचा आहे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. शरीरात बसविलेल्या हृद्‌यंत्राच्या सदोष लीडचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. येथे रुग्णाला काही थोड्या शब्दांच्या आधारे असा निर्णय करावा लागतो की, ज्याच्या दोन्ही बाजूंना जिवाचा धोका आहे. ते शब्द जर एका बाजूला आधीच झुकलेले असतील, तर निर्णय विचारापूर्वीच होऊन जातो. प्रस्तुत लेखात प्रथम वस्तुस्थिती सांगून नंतर शब्दांकडे वळावयाचे आहे. कारण वस्तूचे ज्ञान झाल्यावाचून तिच्या नावाची चर्चा व्यर्थ होय.

२. लीड म्हणजे काय

हृदयाची गती सांभाळणाऱ्या यंत्राचे दोन भाग असतात. एक, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, कातडीच्या आत ठेवलेली धातूची चपटी डबी. हिच्यात विद्युत्‌घट आणि मंडले असतात. दुसरा भाग म्हणजे लीड. ती डबीपासून निघून शिरेत शिरते, ऊर्ध्व महाशिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरते आणि तिचे टोक आतील स्नायूत रुतून बसते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या करोलिन्स्का रुग्णालयात ऑके सेनिंग यांनी रूने एल्मक्विस्ट यांचे यंत्र रुग्णाच्या शरीरात पहिल्या प्रथम बसविले, तेव्हा छाती उघडून विद्युदग्रे हृदयाला जोडावी लागली होती. शिरेच्या वाटेने लीड नेण्याची पद्धत नंतर रूढ झाली. हृदयाची गती बेफाम झाल्यास जोराचा विद्युत्‌धक्का देऊन ती थांबविणारे यंत्र, म्हणजे आयसीडी, मिशेल मिरोवस्की यांच्या प्रयत्नांमुळे ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात प्रथम माणसात बसविले गेले. त्याच्या लीडमधून सुमारे सातशे-आठशे व्होल्ट दाबाचा धक्का जाऊ शकतो.

आपल्याकडील घरगुती बोलीत या साऱ्या व्यवस्थेला ‘बॅटरी’ आणि लीडला ‘वायर’ म्हणतात. ‘बॅटरी’ हा शब्द डबीपुरता चालण्यासारखा आहे. घट संपत आला की डबी बदलतात, आणि ते काम तुलनेने सोपे असते. ‘वायर’ अथवा ‘तार’ हा शब्द मात्र अपुरा पडतो. आयसीडीच्या लीडमध्ये अनेक सूक्ष्म तारा, त्यांवरील विद्युत्‌रोधक आवरणे, धक्का देणारी वेटोळी, टोकावरील विद्युदग्र आणि डबीत बसणारा जोड इतक्या गोष्टी असतात. सबंध वस्तूला ‘तार’ म्हटले की बिघाड म्हणजे तार तुटणे, अशी समजूत होते आणि आवरण दृष्टीआड जाते. म्हणून सबंध वस्तूला ‘लीड’ हा रूढ झालेला शब्दच ठेवावा आणि ‘तार’ हा शब्द तिच्यातील वाहकासाठी राखून ठेवावा, असे वाटते. ‘वाहिनी’ हा पर्याय सुचणे स्वाभाविक आहे. परंतु रक्तवाहिनीच्या आत असलेल्या वस्तूला पुन्हा वाहिनी म्हणणे घोटाळ्याला आमंत्रण देणे होय.

३. दोषाचे दोन प्रकार

हृदय दर मिनिटाला बहात्तर ठोक्यांच्या हिशेबाने दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याबरोबर लीड वाकते. शिवाय आडव्या हाडाच्या आणि पहिल्या बरगडीच्या फटीत ती चेपली जाण्याचा संभव असतो. अशा स्थितीत वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू करणे कठीण आहे, आणि ती बारीक करू गेल्यास ते अधिक कठीण होते.

मेडट्रॉनिक या अमेरिकन कंपनीची ‘स्प्रिंट फिडेलिस’ ही बारीक लीड २००४ साली बाजारात आली. तिच्यातील तारा अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात तुटू लागल्या. तार पूर्ण तुटण्यापूर्वी तिची टोके एकमेकांना घासतात आणि खोटे विद्युत्‌संकेत उत्पन्न होतात. यंत्र त्यांनाच हृदयाचे बेफाम स्पंदन समजते आणि जागेपणी, शुद्धीवर असलेल्या माणसाला एकामागून एक धक्के देते. उलटपक्षी, खरी गरज असता धक्का न पोचणे हाही धोका असतोच. सेंट ज्यूड मेडिकल या कंपनीच्या ‘रायाटा’ लीडमध्ये दोष निराळा होता. तिच्यातील तारा आतून घासून सिलिकोनचे आवरण झिजवीत आणि बाहेर डोकावत. क्ष-किरणांत ते दृश्य भयावह दिसे. पण त्या तारांवर दुसरे पातळ आवरण असल्यामुळे अशा अनेक लीड विद्युत्‌दृष्ट्या काम देत राहिल्या. एका लीडमध्ये डोळ्यांना फारसे काही न दिसता बिघाड, तर दुसरीत डोळ्यांना दिसूनही कार्य अबाधित, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे.

येथे मराठीच्या एका सूक्ष्म भेदाकडे लक्ष वेधावेसे वाटते. हृदयविकाराला आपण ‘झटका’ म्हणतो आणि यंत्राच्या विद्युत्‌धक्क्यालाही अनेक जण ‘झटका’च म्हणतात. परंतु क्रियापदे भिन्न आहेत. विकाराचा झटका ‘येतो’, विजेचा ‘बसतो’. रुग्ण दूरध्वनीवर ‘झटका आला’ म्हणाला की ‘झटका बसला’, यावरून ऐकणाऱ्याने पुढे काय विचारावयाचे हे ठरू शकते. शंकेला जागाच नको असल्यास यंत्राच्या बाबतीत ‘धक्का’ हा शब्द वापरावा, आणि खोट्या संकेतामुळे बसलेल्या धक्क्यास ‘अनाठायी धक्का’ म्हणावे.

४. ‘सदोष’ आणि ‘परत मागविणे’

१५ ऑक्टोबर २००७ रोजी मेडट्रॉनिकने फिडेलिसची विक्री थांबविली. तोपर्यंत जगभरात सुमारे २,६८,००० लीड बसविल्या गेल्या होत्या, आणि पाच मृत्यूंशी लीडच्या बिघाडाचा संबंध असण्याची शक्यता कंपनीने कळविली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कारवाईची गणना पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातील ‘रिकॉल’मध्ये केली.

‘रिकॉल’चे मराठी सरळ भाषांतर ‘परत मागविणे’. मोटारीच्या बाबतीत ते यथार्थ आहे. कारखाना गाडी परत मागवितो, सुटा भाग बदलतो आणि गाडी मालकाच्या हवाली करतो. शरीरातील लीडच्या बाबतीत मात्र परत गेल्या त्या दुकानातील आणि रुग्णालयाच्या कपाटातील लीड. ज्या हृदयात होत्या त्या हृदयातच राहिल्या, आणि चांगल्या चालत असतील तर त्या केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत असाच सल्ला दिला गेला. म्हणजे शब्द सांगतो ‘परत आणा’, आणि सल्ला सांगतो ‘राहू द्या’. ही विसंगती वैद्यकवर्गाच्याही ध्यानात आली होती. अमेरिकेतील हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या कार्यगटाने २००६ सालीच, रोपित यंत्रांविषयी जनतेशी बोलताना ‘रिकॉल’ हा शब्द टाळून सुरक्षा-सूचनेच्या अर्थाचे शब्द वापरावेत, अशी शिफारस केली होती. मराठीत ‘सुरक्षा-सूचना’ हा शब्द सहज रुळण्यासारखा आहे. जो शब्द इंग्रजीतच गैरसमज उत्पन्न करतो, त्याचे निष्ठापूर्वक भाषांतर करून तो गैरसमज आपल्या भाषेत आणण्याचे कारण नाही.

‘सदोष’ या विशेषणातही अशीच संदिग्धता आहे. एका विशिष्ट नमुन्याच्या लीड इतरांपेक्षा अधिक प्रमाणात बिघडतात, हे एक विधान. आणि या रुग्णाची लीड बिघडली आहे, हे दुसरे. कंपनीच्या आकडेवारीनुसार तीस महिन्यांच्या अखेरीस फिडेलिसच्या ९७.७ टक्के लीड बिघाडावाचून होत्या. आधीच्या नमुन्यात हेच प्रमाण ९९.१ टक्के होते. फरक निश्चितच चिंताजनक होता, आणि काळ लोटतो तसा बिघाड वाढत जातो हेही खरे. तथापि शंभरांतील सत्त्याण्णवांहून अधिक रुग्णांची लीड त्या वेळी शाबूत होती. ‘तुमची लीड सदोष आहे’ या वाक्याने त्या सर्वांना एकाच पंक्तीत बसविले जाते. म्हणून नमुन्यापुरत्या शंकेस ‘शंकास्पद’ आणि प्रत्यक्ष बिघाडास ‘बिघडलेली’ असे दोन शब्द पाळणे आवश्यक आहे.

५. तीन मार्ग

शंकास्पद अथवा बिघडलेल्या लीडबाबत तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग लक्ष ठेवण्याचा. लीडचा विद्युत्‌विरोध एकाएकी वाढला तर तार तुटत असल्याचा, आणि घटला तर आवरण झिजल्याचा संशय घेता येतो. फिडेलिसच्या प्रकरणानंतर अशी लक्षणे आपोआप ओळखून रुग्णाला ध्वनीने सावध करणारी प्रणालीही यंत्रात घालण्यात आली. शंकास्पद पण शाबूत लीडला हा मार्ग बहुधा पुरेसा असतो.

लीड प्रत्यक्ष बिघडली असेल तर दुसरा मार्ग असा की, जुनी लीड यंत्रापासून तोडून, टोक बंद करून आहे तेथेच ठेवावयाची आणि शेजारून नवी घालावयाची. शस्त्रक्रिया त्या वेळेपुरती सोपी होते. परंतु शिरेत गर्दी होते, शीर बंद होऊ शकते, आणि पुढेमागे जंतुसंसर्ग झाल्यास सर्वच लीड काढणे भाग पडते. त्या वेळी जुनी लीड अधिकच घट्ट झालेली असते. इंग्रजीत अशा लीडला ‘टाकून दिलेली’ या अर्थाचा शब्द आहे. मराठीत तो घेतल्यास वैद्याने हयगय केली असे सूचित होते. ‘निष्क्रिय ठेवलेली लीड’ म्हटल्यास तो विचारपूर्वक केलेला निर्णय होता, हे स्पष्ट राहते.

तिसरा मार्ग जुनी लीड काढून नवी घालण्याचा. तरुण रुग्णाच्या बाबतीत, ज्याला अजून अनेक यंत्रे लागावयाची आहेत, हा मार्ग पुष्कळदा सयुक्तिक ठरतो. वृद्ध व क्षीण रुग्णाच्या बाबतीत तोच अविचार ठरू शकतो. जंतुसंसर्ग झाला असल्यास मात्र निवड जवळजवळ उरत नाही. सर्व यंत्रणा काढावी लागते.

६. ‘काढणे’

मराठीत टाके काढतात, काटा काढतात, दात काढतात आणि लीडही काढतात. ‘काढणे’ या क्रियापदाची व्याप्ती एवढी मोठी आहे की त्यावरून श्रमाचा अथवा धोक्याचा काहीच बोध होत नाही. लीड बसविल्यावर काही महिन्यांतच तिच्याभोवती तंतुमय ऊती वाढू लागते. ही ऊती शिरेच्या भिंतीला आणि हृदयाच्या आतील बाजूला लीड चिकटवून टाकते, आणि कालांतराने तिच्यात चुनाही साठतो. नुसती ओढ दिली तर लीड तुटेल, किंवा भिंत फाटेल. म्हणून लीडच्या पोकळीत आतून घट्ट बसणारी सळई घालतात आणि बाहेरून एक नळी सरकवीत तिला वेढणारी ऊती थोडी थोडी सोडवितात. या नळीच्या टोकाशी फिरते पाते असते, किंवा ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरचा किरण असतो. ऊर्ध्व महाशीर फाटल्यास काही मिनिटांत छाती उघडावी लागते. म्हणून हृदय-शल्यचिकित्सक जवळ असल्यावाचून हे काम करू नये असा दंडक आहे.

वैद्यकीय परिभाषेत हा भेद मान्य झालेला आहे. लीड एक वर्षाहून जुनी असेल, किंवा ती काढण्यास बसविताना लागत नाहीत अशी खास साधने लागली, तरच त्या कृतीला ‘एक्स्ट्रॅक्शन’ म्हणावे, असा संकेत २००९ च्या तज्ज्ञ-मतपत्रात दिला आहे. मराठीत त्यासाठी संस्कृत धातू शोधत बसण्याची गरज नाही. ‘सोडवून काढणे’ हा आपल्या बोलीतील प्रयोग नेमका तोच अर्थ देतो. अडकलेली, गुंतलेली वस्तू आपण सोडवितो. आणि सोडविण्यात वेळ व जोखीम दोन्ही आहेत, हे ऐकणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

जोखमीचे प्रमाणही सांगितले पाहिजे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लेसरपद्धतीच्या पाहणीत १,४४९ रुग्णांच्या २,४०५ लीडपैकी ९६.५ टक्के पूर्णपणे निघाल्या, आणि कृतीमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ०.२८ टक्के होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय पाहणीत कृतीशी निगडित मोठ्या गुंतागुंती, मृत्यू धरून, १.७ टक्के आढळल्या. अनुभवी केंद्रांतील हे आकडे आहेत. याउलट, १९९४ साली ‘अक्युफिक्स’ या पेसमेकर-लीडमधील आधाराची तार मोडून हृदयाला इजा करते असे उघड झाल्यावर अनेक लीड काढण्यात आल्या. तेव्हा मोडलेल्या तारेपेक्षा ती काढण्यानेच अधिक रुग्ण दगावले. मार्च २००९ मध्ये फिडेलिसशी संबंध असू शकेल असे तेरा मृत्यू मेडट्रॉनिकने कळविले. त्यांपैकी चार लीड काढण्याच्या प्रयत्नात झालेले होते.

‘यश’ या शब्दाचीही येथे व्याख्या करावी लागते. सर्व लीड निघाल्यास पूर्ण यश. चार सेंटिमीटरहून लहान तुकडा राहिला आणि तो उपद्रवकारक नसला, तर त्यास वैद्यकीय यश म्हणतात. शंभरांतील सत्त्याण्णव यशस्वी झाले असे सांगताना यांपैकी कोणते यश, हे रुग्णाला कळले पाहिजे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. बिघाडाचा धोका आणि काढण्याचा धोका यांची तुलना करून निर्णय करावयाचा असतो, आणि ती तुलना रुग्णाचे वय, लीडचे वय, यंत्रावरील त्याचे अवलंबित्व व केंद्राचा अनुभव यांनुसार बदलते. ‘सदोष’ वस्तू ‘परत मागविली’ आहे, ती ‘काढून’ ‘बदलू’, हे वाक्य मात्र ती तुलना होऊच देत नाही. त्यातील प्रत्येक शब्द बाजारातून आलेला आहे, आणि बाजारात वस्तू बदलण्यास जिवाचे मोल पडत नाही. त्याऐवजी ‘तुमची लीड शंकास्पद नमुन्याची आहे, ती आज बिघडलेली नाही, बिघडल्यास निष्क्रिय ठेवता येईल किंवा सोडवून काढता येईल’ असे म्हटले, तर वाक्य लांबते, पण रुग्णाला विचार करण्यास जागा मिळते.

परिभाषा करणाऱ्याने नवे शब्द घडवावेत, हे खरेच. परंतु येणे-बसणे, काढणे-सोडविणे यांसारखे भेद बोलीत आधीच सिद्ध असतात. ते ओळखून योग्य जागी बसविणे हेही त्याचेच काम आहे. संमतिपत्रावर सही करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहता, हे दुसरे काम पहिल्याहून कमी महत्त्वाचे नाही.