थायरॉईडची गोळी आणि सकाळचा चहा

घरोघरी सकाळी उपाशीपोटी घेतात ती थायरॉईडची गोळी म्हणजे टी-४. गंमत अशी की हे हार्मोन स्वतः फारसं काम करत नाही. यकृतात, मूत्रपिंडात त्यातला आयोडीनचा एक अणू गळतो, टी-३ तयार होतं आणि हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, आतड्यांची हालचाल यांचा वेग तेच ठरवतं.

१८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क थायरॉईड मंदावलेल्या एका बाईंना टोचला. उपचार चालू ठेवून त्या पुढे २८ वर्षं जगल्या!

रक्तातलं टी-४ निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. म्हणून डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) तपासायचं ते ६-८ आठवड्यांनी. आधी केलेली तपासणी बहुतेकदा फुकट. गोळी नीट शोषली जावी म्हणून चहा गोळीनंतर अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या ४ तासांनी. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने बंद करू नका!