सुगंधी तेलांवरील लेख व त्याचे घरचे परीक्षक

सुगंधी तेलांविषयीं हल्लीं पुष्कळ लिहिलें जातें, आणि त्यांतील बरेंचसें एकमेकांवरून उतरवून घेतलेलें असतें. लव्हेंडरनें झोंप लागते, निलगिरीनें सर्दी हटते, लवंगेच्या तेलानें दाढदुखी थांबते, चंदनानें मन शांत होतें. अशा वाक्यांची माळ गुंफली कीं लेख तयार! त्यांत निखालस खोटें थोडें असतें, पण अर्धवट फार असतें. आणि औषधी पदार्थांच्या बाबतींत अर्धवट वाक्य खोट्याहून अधिक घातक होण्याचा संभव असतो. आमच्या घरांतील धाकट्या सूनबाईंनीं महिलामंडळाच्या वार्षिक अंकासाठीं याच विषयावर एक लेख लिहिला, व तो धाडण्यापूर्वीं घरांतील मंडळींस वाचून दाखविला. त्यावर जीं मतें पडलीं तीं आम्हांस मूळ लेखापेक्षांही उद्बोधक वाटलीं. म्हणून त्यांचा सारांश वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिला प्रश्न आजींचा. "अग, तेल म्हणतेस, तर तें खोबरेलासारखें अंगाला चोळायचें कीं काय?" लेखांत याचा खुलासा कोठेंच नव्हता, लेखिकेस तो स्वयंसिद्ध वाटला होता. वास्तविक येथेंच सामान्य वाचक फसतो. खोबरेल किंवा तिळेल हें बियांतील वा फळांतील स्निग्ध द्रव्य. कागदावर थेंब टाकल्यास त्याचा डाग कायम राहतो. सुगंधी तेल हें निराळ्याच जातीचें, बाष्परूपानें उडून जाणारें द्रव्य आहे. पानें, फुलें, साल वा लाकूड यांतून तें बहुधा वाफेच्या साह्यानें काढतात. वाफ थंड होऊन पाणी झालें कीं तेल त्यावर तरंगूं लागतें. लवंगेचें तेल मात्र पाण्याहून जड, तें तळाशीं बसतें. गुलाबाच्या एक किलो तेलास साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात, एवढ्यावरून त्या कुपींत काय सांठविलेलें असतें याची कल्पना यावी. अशी वस्तु मालिश करण्याच्या तेलाप्रमाणें ओंजळींत घेण्याची नव्हे. साध्या तेलाच्या एका चमच्यास एक थेंब, म्हणजे सुमारें शेंकडा एक, एवढें प्रमाण अंगास लावण्याकरितां सामान्यतः पुरेसें होतें.

भाऊसाहेबांनीं रसायनशास्त्र शिकविण्यांत उभी हयात घालविली आहे. त्यांनीं लेखाच्या आरंभींच पेन्सिलीची खूण केली. गातफोसे नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञाचा हात भाजला, त्यानें तो सहजगत्या लव्हेंडरच्या तेलांत बुडविला व जखम चमत्कार झाल्याप्रमाणें बरी झाली, अशी आख्यायिका तेथें दिली होती. ती सर्वत्र छापली जाते. पण १९१० मधील प्रयोगशाळेंतील त्या स्फोटाविषयीं गातफोसे स्वतः १९३७ च्या आपल्या पुस्तकांत निराळें लिहितो. जखमा पुढें सडूं लागल्या, तेव्हां त्यानें लव्हेंडरचा उपयोग जाणूनबुजून केला. "अपघातानें सुचलें म्हटलें कीं गोष्ट रंगते, पण माणूस विचार करून वागला हें सांगण्यांत त्याचा अधिक गौरव नाहीं काय?" असें भाऊसाहेब म्हणाले, व तें आम्हांसही पटलें.

त्यांचा खरा कटाक्ष मात्र नांवांवर होता. चंदनाचें तेल म्हणजे कोणतें? आपल्याकडील चंदनाचें शास्त्रीय नांव सँटॅलम आल्बम. म्हैसूरचें चंदन एके काळीं परदेशीं जाऊन तेथें त्याचें तेल निघत असे. १९१४ सालीं युद्धामुळें तो मार्ग खुंटला, तेव्हां दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या कारकीर्दींत, १९१६ मध्यें, संस्थानानें तें आपल्या घरींच काढण्यास आरंभ केला. परंतु बाजारांत ऑस्ट्रेलियांतील दुसऱ्या जातीच्या चंदनाचेंही तेल मिळतें; आणि वेस्ट इंडियन चंदन म्हणून ज्यास म्हणतात तें झाड तर मुळीं चंदनच नव्हे, लिंबाच्या कुळांतील आहे. निलगिरीचेंही तसेंच. सर्दीवर वापरतात तें तेल एका जातीचें, आणि लिंबासारखा वास येणारें दुसऱ्या जातीचें. दोहोंतील मुख्य घटकच भिन्न. (हें झाड ऑस्ट्रेलियांतून आलेलें, आपण त्यास ज्या डोंगरावर तें प्रथम फार दिसलें त्याचें नांव देऊन टाकलें!) भेसळीचा इतिहास तर याहूनही जुना आहे. खानदेश-निमाडांतील रोशा गवताचें तेल मुंबईहून तुर्कस्तानांत जात असे, आणि तेथें तें गुलाबाच्या अत्तरांत बेमालूम मिसळीत. कारण दोहोंच्या वासांत एक घटक समान आहे. तात्पर्य, कागदावर डाग पडला नाहीं म्हणजे तेल शुद्ध, असें जें लेखांत लिहिलें होतें तें भाऊसाहेबांनीं खोडविलें. त्या परीक्षेनें खोबरेलाची भेसळ कळेल. रोशाची किंवा कारखान्यांतील कृत्रिम सुगंधाची कळणार नाहीं.

खरा वाद पेटला तो "घरगुती उपाय" या भागावर. ओव्याचें फूल, पुदिन्याचें फूल व कापूर हे तिन्ही कोरडे पदार्थ एका कुपींत घालून ठेवले असतां आपोआप पातळ होतात, हें बहुतेक घरांत ठाऊक आहे. त्याचे थेंब बत्ताशावर घालून लहान मुलांस पोटदुखीवर द्यावे, असें सूनबाईंनीं आजींच्या तोंडून ऐकून लिहिलें होतें. आमचा डॉक्टर पुतण्या म्हणाला, "हें वाक्य काढून टाका."

आजी दुखावल्या. "अरे, तुम्हां सगळ्यांना मीच दिलें, कुणाला काय झालें?"

"आजी, तूं काडीच्या टोंकानें देत होतीस. तुझा हात छापतां येत नाहीं. वाचणारी बाई चमच्यानें देईल."

यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग पुतण्यानें हिशोब मांडला. एका मिलिलिटरांत सुमारें वीस थेंब, म्हणजे चहाच्या एका चमच्यांत शंभर. सांधेदुखीच्या बामांत जें गंधपुऱ्याचें तेल असतें, त्याच्या एका चमच्यांतील द्रव्य सुमारें सात ग्रॅम ॲस्पिरिनच्या बरोबरीचें, म्हणजे मोठ्या माणसाच्या वीसहून अधिक गोळ्या! निलगिरीचें तेल चमचाभर पोटांत गेलें तर मूल बेशुद्ध होऊं शकतें. कापराची गोष्ट सर्वांत वाईट. तान्ह्या-रांगत्या वयांत एक ग्रॅमही जीवावर बेतूं शकतो, व झटके कांहीं मिनिटांतच येऊं लागतात. अमेरिकेंत कापूर घातलेलें तेल एरंडेल समजून मुलांस पाजल्याचे प्रकार वारंवार घडले; अखेर १९८२-८३ च्या सुमारास तेथील सरकारनें त्या तेलाची विक्री बंद केली, व बामादिकांतील कापरास शेंकडा अकराची मर्यादा घातली. आपल्याकडे तर कापूर देवघरांत मुलांच्या हातास लागेल असा उघडा असतो.

पुतण्याचा सर्वच तेलांवर राग आहे असें मात्र नव्हे. लवंगेच्या तेलांतील युजेनॉल दंतवैद्य आजही वापरतात. आंतड्यांत पोंचल्यावर विरघळणाऱ्या कॅप्सूलांतून दिलेल्या पेपरमिंटच्या तेलानें मुरड्याच्या जुन्या विकारास उतार पडतो असें चाचण्यांत दिसून आलें आहे. त्याचें म्हणणें एवढेंच कीं, प्रत्येक उपायापुढें कोणत्या वयास, किती थेंब, आणि अंगावर कीं पोटांत, हें लिहावें. जेथें तें ठाऊक नसेल तेथें उपायच लिहूं नये. या चाळणींतून लेखांतील सतरा उपायांपैकीं पांच उरले. सूनबाई प्रथम हिरमुसल्या, पण आजींनींच त्यांची समजूत घातली व बत्ताशाचें वाक्य आपल्या हातानें खोडलें. त्या जागीं त्यांनीं जें घालावयास सांगितलें तें असें: तान्ह्या मुलाच्या नाकास वा छातीस कापूर, पुदिन्याचें फूल किंवा निलगिरी लावूं नये, कुप्या मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा जागीं, कुलपांत ठेवाव्या, आणि एखाद्या मुलानें तेल प्यालेंच तर त्यास ओकारी काढावयास लावूं नये, कारण तें तेल श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरतें. मूल व कुपी दोन्ही घेऊन तडक रुग्णालय गांठावें. कुपीवरील नांव पाहिल्याशिवाय डॉक्टरास पोटांत काय गेलें तें कळणार नाहीं.