मचाणावर जाताना आणि उतरताना

आमच्या येलहंक्यातला एक तरुण बुद्धपौर्णिमेला मेळघाटात 'निसर्गानुभव'साठी मचाणावर बसायला चाललाय. परवा विचारत होता, "काका, रात्रभर न हलता बसायचं कसं?" म्हटलं, बसशील रे. तिथपर्यंत जाणार कसा आणि परत येणार कसा, ते सांग.

फौजेत अँबुश शिकवताना हाच धडा असायचा. दबा धरून पडून राहणं जमतं. घोटाळा होतो तो पोचताना, नाहीतर निघताना. जुने शिकारीही हे जाणून होते. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1991ची दुरुस्ती, यांनंतर शिकारीचे परवाने संपले. चांगलंच झालं. पण सांबराचं नाक आहे तेवढंच तिखट आहे.

म्हणून आधी वारा. डोंगराळ भागात ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते. सूर्य मावळला की तीच हवा गार होऊन खाली नाल्यात उतरते. पाणवठा बहुधा तळाला. दुपारी वरच्या अंगाने मचाणाकडे आलात, तर तुमचा वास मागे, वर निघून जातो. पहाटे त्याच वाटेने परत निघालात, तर तोच वास सरळ पाण्यावर. वाट तीच, वारा उलटा! पातळ फडक्यात थोडी राख बांधून न्या. झटकली की वारा कुठे वाहतोय ते दिसतं.

जनावरांच्या पायवाटेवरून चालू नका. चितळ-सांबरांना लाल रंग नीट कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो, तेव्हा जीन्स घरीच ठेवा. अत्तर, डिओ नको. खाण्याची कुरकुरीत पाकिटं आधीच सोडून डब्यात भरा. सोडायला आलेली माणसं परत जातात ना, त्यांना नेहमीच्या आवाजात बोलत जाऊ द्या. आली तशी गेली, असं रानाला वाटतं.

आता माझी चूक. वनरक्षक येईपर्यंत खाली उतरायचं नाही, असा नियम होता. साडेपाचला फटफटलं, पाय आखडले होते, आणि मी पडलो जुना फौजी! उतरलो. वीस पावलंही गेलो नसेन, तोच झाडीतून 'ढाँक' असा आवाज आला. सांबराची मादी होती, मागे पिल्लू. दोघंही वळून चढावर नाहीशी झाली. ऐन मे महिना, आणि जवळपास दुसरं पाणी नाही. आठच्या सुमारास वनरक्षक आला. तो मला काही बोलला नाही. ओल्या मातीत खुरांचे ठसे पाण्याच्या दहा-बारा हात अलीकडे थांबून मागे फिरले होते, ते बघत उभा राहिला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा ऊन वर येऊन वारा फिरेपर्यंत मचाण सोडू नका. गाडी पायथ्याशी येऊ द्या. पायी चालणाऱ्या माणसापेक्षा तिथली जनावरं गाडीला जास्त सरावलेली असतात. उतरलात की थेट गाडीत. पाण्याजवळ फोटो काढत रेंगाळू नका.

इथून दोड्डबळ्ळापूर, गौरीबिदनूर करत मैदनहळ्ळीला कळवीट बघायला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. उघड्या माळावर कळवीट नाकापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवतं. तिथे गाडीचं दार उघडलं तरी कळप उधळतो. ते पुढच्या भागात.