परलोकीचे मुकादम

इजिप्तचे नाव निघाले की चांदूर रेल्वेसारख्या गावातल्या शिकल्यासवरल्या माणसाच्याही डोळ्यांपुढे पिरॅमिडच उभा राहतो, आणि ज्यांच्यावरून त्या लोकांच्या मनाचा खरा ठाव लागावा त्या वीतभर उंचीच्या बाहुल्या संग्रहालयांच्या काचेच्या कपाटांत उपेक्षित राहतात. त्यांना उशब्ती म्हणतात. त्यांतल्या पुष्कळशा गारगोटीच्या भुकटीत क्षार आणि तांब्याचा अंश मिसळून भट्टीत भाजलेल्या, म्हणून निळ्या-हिरव्या. हात छातीवर घेतलेले, मुठींत कुदळी, पाठीवर टोपली, आणि अंगावर मंत्र. परलोकात धन्याच्या नावे शेत कसण्याचा, पाटाचे पाणी फिरविण्याचा किंवा वाळू वाहण्याचा हुकूम सुटला, तर त्याच्याऐवजी बाहुलीने हजेरी द्यावी, असा त्या मंत्राचा आशय.

म्हणजे ज्या धनिकांनी हयातीत कधी कुदळ हाती धरली नसेल, त्यांनाही मरणोत्तर वेठीची धास्ती होती. आणि ती चुकविण्याची तजवीज एखाद्या कचेरीच्या दफ्तराला शोभेल इतकी काटेकोर असे. 1922 साली उघडलेल्या तूतानखामूनच्या थडग्यात 413 बाहुल्या निघाल्या: वर्षाच्या दर दिवसाला एक मजूर याप्रमाणे 365, दहांच्या टोळीमागे एक असे 36 मुकादम, आणि वर महिन्याकाठी एक याप्रमाणे आणखी 12. पुढच्या काळातल्या मुकादमांच्या हाती तर चाबूकच दिसतो. कापूस वेचणीच्या टोळ्या पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला ही व्यवस्था कोणी समजावून सांगण्याचे कारण नाही.

दक्षिणेस, आजच्या सुदानात, नूबियाच्या राजांनीही ही चाल उचलली. इ.स.पू. सातव्या शतकात इजिप्तवरही राज्य केलेल्या तहार्काच्या नूरी येथील पिरॅमिडाखाली हजाराहून अधिक दगडी उशब्ती सापडल्या. ह्या बाबतीत शिष्याने गुरूवर ताण केली म्हणायची.

खऱ्या कारागिरांची कैफियत मात्र मुंबईत पाहावयास मिळाली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2012 साली ब्रिटिश म्युझियममधून कर्नाकच्या नेस्पेरेन्नूब नामक पुरोहिताची ममी प्रदर्शनासाठी आली होती. सीटी स्कॅनमध्ये तिच्या डोक्यामागे मातीचे एक ओबडधोबड वाडगे चिकटलेले आढळले. बहुधा राळ ओतताना ते तेथे राहिले, राळ घट्ट झाली, आणि ते निघेना. तेव्हा कामगारांनी वाडग्यासकट पट्ट्या गुंडाळून प्रेत बेमालूम तयार केले. ही लबाडी उघडकीस यावयास सुमारे अठ्ठावीसशे वर्षे लागली.