कांदाचाळीची खबर देणारे यंत्र : कोणते घ्यावे?



उन्हाळी कांदा चाळीत भरला की घरच्यांचा जीव चाळीत अडकतो. वरून माल टणक दिसतो, आत ढिगात सड धरलेली असते. वास सुटेपर्यंत पत्ता लागत नाही, आणि तोवर शेजारचे कांदेही गेलेले असतात.

चाळीत तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 65 ते 70 टक्के राहावी अशी शिफारस आहे. उष्णता वाढली की वजन घटते. दमटपणा वाढला की सड लागते. ही खबर वेळेवर मिळावी म्हणून नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या संगणक अभियंता कल्याणी शिंदे यांनी सेन्सरवर चालणारे यंत्र तयार केले आहे. आता गारखेडा परिसरातली तरुण मंडळी विचारतात, ‘असे यंत्र घरीच जोडायचे तर त्याचा मेंदू कोणता घ्यावा?’ बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

1. रास्पबेरी पाय : 2012 साली आलेला हा तळहाताएवढा पुरा संगणकच आहे. कॅमेरा लावायचा किंवा बऱ्याच यंत्रांची नोंद एका जागी ठेवायची, तर हा कामाचा. पण तो साधारण 3 ते 5 वॅट वीज सतत खातो. चालू असताना वीज गेली, तर त्याच्या मेमरी कार्डातील मजकूर बिघडू शकतो. दोन आकडे मोजायला हा घेणे म्हणजे कोथिंबीर आणायला ट्रक जुंपणे!

2. आर्डुइनो उनो आर-3 : शिकायला सोपा. मात्र यात वाय-फाय नाही. पडदा जोडला तरी आकडा चाळीतच दिसणार, घरी कळणार नाही.

3. ईएसपी-32 : यात वाय-फाय आहे. दर 15 मिनिटांनी जागे व्हायचे, आकडा पाठवायचा आणि पुन्हा झोपायचे, असे याला शिकवता येते. त्यामुळे बॅटरीवर चालतो. एवढेच सांभाळा, की याच्या पायांना 3.3 व्होल्टच चालतात. 5 व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.

एका चाळीसाठी तिसरा प्रकार पुरेसा आहे.

घेण्यापूर्वी मोबाईल घेऊन चाळीत उभे राहा. घरचे वाय-फाय तिथे पोचते का, ते पाहा. पोचत नसेल तर लोरा रेडिओची जोडी लावावी. आपल्या देशात 865 ते 867 मेगाहर्ट्झवर, ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत, त्याला परवाना लागत नाही.

मेंदूवर वाचलेला पैसा सेन्सरवर घाला. स्वस्त डीएचटी-11 ची आर्द्रतेतली चूक 5 टक्क्यांपर्यंत असते. आपल्याला हवी ती मर्यादाच मुळी 5 टक्क्यांची, मग त्याचा भरवसा काय धरायचा? एसएचटी-31 मध्ये ही चूक सुमारे 2 टक्के असते. सेन्सर ढिगाच्या मध्यावर ठेवा, पत्र्याखाली किंवा उन्हात नको. त्याची तार मीटरभराच्या आत ठेवा.

आकडा सतत वर राहिला तर त्याच दिवशी चाळीत जा. वारा खेळता करा, पावसाची झड येणारी बाजू झाका आणि सडके कांदे वेचून काढा. यंत्र खबर देईल. कांदा वाचवायचे काम आपल्या हातांचेच आहे.